वीस पैशांचे रोप

(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



१९८४-८५ या एका वर्षात कर्नाटकातील शिरसी परिसरातील खेडुतांनी बारा लाख रोपे तयार केली. काही रोपे घरोघरच्या परसात वाढली, काही गावोगावच्या युवक मंडळांनी वाढविली. त्या भागात लोकांच्या हातून एवढी रोपे त्यापूर्वी कधी तयार झाली नव्हती. वनखात्याने प्लास्टिकच्या पिशव्या पुरविल्या. माती, पाणी आणि श्रम लोकांचे होते. एका रोपामागे गावकऱ्याला वीस पैसे मिळाले. तेच रोप वनखात्याच्या स्वतःच्या रोपवाटिकेत तयार व्हावयाचे तर त्यास निदान दोन रुपये खर्च येत असे. अप्पिको चळवळीचे एक प्रमुख संघटक पांडुरंग हेगडे यांनी हे आकडे आपल्या लेखनात नोंदवून ठेवले आहेत.

जंगल राखणाऱ्या स्वयंसेवकांविषयी बोलावयाचे म्हटले की निसर्गप्रेम, त्याग, पुढच्या पिढ्यांची काळजी अशी भाषा आपोआप तोंडी येते. ती भाषा खोटी आहे असे नव्हे. परंतु वीस पैसे आणि दोन रुपये यांच्यामध्ये एक रुपया ऐंशी पैशांचे अंतर आहे, आणि स्वयंसेवेचा सारा प्रश्न त्या अंतरात दडलेला आहे. मनुष्य आपल्या रानासाठी आपखुशीने राबतो तेव्हा त्या राबण्याला श्रमदान म्हणतात. तेच राबणे दुसऱ्याच्या मालकीच्या रानासाठी, दुसऱ्याच्या योजनेप्रमाणे आणि दुसऱ्याच्या हिशेबात जमा होऊ लागले की त्याचे नाव बदलते. शिरसीच्या लोकांना हा फरक पुस्तकातून कळला नाही. तो त्यांना एका हंगामात, पिशव्या भरता भरता कळला.

शिरसी हा मराठी माणसाला परका मुलूख नाही. उत्तर कन्नड, म्हणजे आपल्याकडील जुन्या माणसांच्या बोलण्यातला कारवार जिल्हा, १८६२ पासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होता. यल्लापूर-हल्याळकडील गवळीवाड्यांतून आजही मराठी बोलली जाते. शिरसी-सिद्धापूर तालुक्यांत १९३० नंतरच्या सत्याग्रहपर्वात करबंदीची कडवी लढत झाली आणि शेतकऱ्यांनी जमिनी जप्त होऊ दिल्या. त्याच १९३० च्या सप्टेंबरात इकडे चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. गोऱ्या सरकारचा जंगल कायदा दोन्हीकडे एकच होता आणि त्याविरुद्धचा रागही एकच होता. स्वातंत्र्यानंतर सरकार बदलले. जंगलावरील खात्याची मालकी मात्र जशीच्या तशी पुढे चालू राहिली.

या जिल्ह्याचे क्षेत्रफळ दहा हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. त्यातील सुमारे चार पंचमांश जमीन कागदोपत्री वनखात्याची. चळवळीच्या लेखनात असे नेहमी सांगितले जाते की १९५० साली जिल्ह्याचा ८१ टक्के भाग जंगलाखाली होता आणि १९८० पर्यंत तो २४ टक्क्यांवर आला. गणनेच्या पद्धतीविषयी येथे वाद घालता येईल. परंतु वाद घालणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खात्याच्या दप्तरातील जंगल या तीस वर्षांत घटले नाही. घटले ते झाडांचे जंगल. सातबारावर ज्याचे नाव आहे त्याच्या देखरेखीखालीच रान उठले. मधल्या काळात जिल्ह्यात कागद गिरणी आली, प्लायवूडचे कारखाने आले, काळी नदीवर धरणे आली, आणि नैसर्गिक रान साफ करून त्या जागी सागाच्या एकसुरी लागवडी उभ्या राहिल्या. या साऱ्याला तेव्हा विकास म्हणत आणि त्या विकासाविरुद्ध बोलणे म्हणजे मागासलेपणाचे लक्षण समजले जाई. समाजवादी म्हणविणाऱ्या मंडळींतही असे समजणारे थोडे नव्हते.

आता, हे रान असते कसे, ते थोडे पाहणे आवश्यक आहे. त्यावाचून पुढची गोष्ट नीट उमगत नाही. घाटमाथ्यावरचे सदाहरित अरण्य म्हणजे झाडांचा नुसता समुदाय नव्हे. वर उंच झाडांचे छत, त्याखाली दुसरा थर, त्याखाली सावलीतच वाढणारी रोपे, वेत, वेली. जमिनीवर कुजणाऱ्या पानांचा जाड थर. चार महिने कोसळणारा पाऊस प्रथम या छतावर पडतो, खोडांवरून ओघळतो आणि पानांच्या गादीत मुरतो. म्हणूनच ओढे उन्हाळ्यातही वाहतात. छत गेले की तोच पाऊस उघड्या जमिनीवर आपटतो, काळी माती दोनचार पावसाळ्यांत निघून जाते आणि खालचा जांभा उघडा पडतो. त्यावर पुन्हा अरण्य आणणे हे माणसाच्या एका आयुष्याचे काम राहत नाही.

दुसरी गोष्ट बियांची. सागाचे बी पोत्यात भरून ठेवता येते, हव्या त्या वर्षी पेरता येते. म्हणून ते खात्याला सोयीचे. सदाहरित वृक्षांपैकी अनेकांचे बी मोठे, ओलसर असते आणि ते थोड्याच आठवड्यांत रुजण्याची शक्ती हरवून बसते. ते धनेशाने, कबुतरांनी, वटवाघळांनी, उदमांजरांनी वाहून न्यावे, सावलीत पडावे, आणि लगेच रुजावे अशी निसर्गाची व्यवस्था आहे. मोकळ्या झालेल्या जागी आधी चांदाड्यासारखी उन्हाला न भिणारी झाडे येतात. त्यांच्या सावलीत मागाहून जांभूळ, रामपत्री, धूपापासून फणसापर्यंत ज्याची त्याची पाळी येते. हे सारे कुणाच्या आर्थिक वर्षात बसणारे काम नव्हे. मार्चअखेर खर्ची टाकावयाच्या रकमेतून साग, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी करता येईल, अरण्य नाही.

रानाच्या पायथ्याला, ओढ्यांच्या काठाने, सुपारीच्या बागा आणि भाताची खाचरे. सुपारीला बारमाही ओल हवी आणि पालापाचोळ्याचे खत हवे. दोन्ही रानातून येतात. तेव्हा रान तुटू लागले आणि ओढे आटू लागले, तेव्हा शिरसीच्या शेतकऱ्याला ते अर्थशास्त्र कुणी समजावून द्यावे लागले नाही. वृक्षप्रेमाने भारावून लोक उठले असे चित्र रंगविणाऱ्यांनी हे विसरू नये. लोक उठले ते पाण्यासाठी, खतासाठी, सरपणासाठी, वेतबांबूसाठी. आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ज्याच्या भाकरीचा रानाशी संबंध आहे, त्याच्या रक्षणाला जी चिकाटी असते, ती निव्वळ सौंदर्यदृष्टीला सहसा नसते.

हिमालयातील चिपकोची वार्ता सुंदरलाल बहुगुणांच्या भेटीतून या भागात पोहोचली होती. ८ सप्टेंबर १९८३ रोजी सालकणी आणि आसपासच्या गावांतील स्त्री-पुरुष व तरुण मुले चालत कळसे येथील रानात गेली आणि तोडीसाठी खुणा केलेल्या झाडांना त्यांनी मिठ्या मारल्या. कानडीत 'अप्पिको' म्हणजे कवेत घ्या. खात्याचे म्हणणे असे की तोड शास्त्रीय आहे, एकरी मोजकीच झाडे काढली जातात. गावकऱ्यांनी जे पाहिले ते वेगळे होते. मोजकी म्हणून जी झाडे पडत त्यांच्या धक्क्याने आणि ती ओढून नेताना भोवतालची कितीतरी झाडे मोडत होती. त्यांचा हिशेब कुठल्याच कागदावर नव्हता. गावकऱ्यांनी अडतीस दिवस रानात पहारा दिला. सप्टेंबरातला मलनाडचा पाऊस, रानातील जळवा आणि घरी कापणीपूर्वीची कामे, हे सारे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अडतीस दिवसांचे मोल कळेल. अखेर तोडीचा हुकूम मागे घ्यावा लागला.

त्या पहाऱ्यातील एक प्रसंग विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. तोडीसाठी आणलेल्या मजुरांकडून गावकऱ्यांनी, या रानात पुन्हा कुऱ्हाड चालविणार नाही, अशी शपथ घेतली. हा प्रसंग सांगताना वक्ते भारावून जातात. परंतु कुऱ्हाड हातात घेणारा मनुष्य हा या सबंध व्यवहारातील सर्वांत गरीब मनुष्य होता. ठेकेदार शपथेला बांधलेला नव्हता, कारखानदार नव्हता, खाते तर नव्हतेच. शपथ घ्यावी लागली ती रोजंदारी करणाऱ्याला. त्याने ती घेतली याचे मोल मोठे आहे. म्हणूनच त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मजुरीचा विचार चळवळीने स्वतःच्या विचारात धरावयास हवा. रान वाचविणारा आणि रान तोडून पोट भरणारा यांना समोरासमोर उभे करून मालक मंडळी बाजूला राहतात, ही चाल गिरणीच्या संपातही दिसते आणि रानातही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात चळवळ बेणगावच्या रानात पोहोचली. तेथील वस्ती मुख्यतः आदिवासींची. टोपल्या, सुपे, चटया विणून त्यांचा चरितार्थ चाले. बांबू संपला होता. तो कुठे गेला? माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याचा हिशेब दिला आहे. १९५८ च्या सुमारास जिल्ह्यातील कागद गिरणीला सरकारने बांबू दिला तो टनाला दीड रुपया दराने. बाजारात त्याचा भाव तेव्हा टनाला तीन हजार रुपयांहून अधिक होता. बुरुडाने चार बांबू आणले तर तो चोर. गिरणीने डोंगरच्या डोंगर उघडे केले तर तो उद्योग. बेणगावच्या माणसांनी झाडांना मिठी मारली तेव्हा तिथे कुणी प्रचारक आधी जाऊन बसलेला नव्हता. नंतर हुसरी आणि इतर गावे उठली. पदयात्रा निघाल्या, पारदर्शिकांचे खेळ झाले, पथनाट्ये झाली, लोकनृत्ये झाली. चळवळीने तीन शब्दांची घोषणा दिली: उळिसु, बेळेसु, बळसु. राखा, वाढवा, वापरा. यातील तिसरा शब्द विसरून पहिल्या दोहोंचाच उत्सव करण्याची शहरी मंडळींना फार हौस असते.

राखण्याची गोष्ट सांगून झाली. वाढविण्याची गोष्ट तितकीशी नाट्यमय नाही, म्हणून ती फारशी सांगितली जात नाही. गावाच्या सामाईक पडीक जमिनींवर युवक मंडळांनी काम सुरू केले. त्यांच्या अनुभवास असे आले की जिथे माती शिल्लक आहे तिथे खड्डे खणण्याचे कारणच नाही. गुरे आत जाऊ द्यावयाची नाहीत, फांद्या तोडावयाच्या नाहीत, उन्हाळ्यात वणवा लागू द्यावयाचा नाही. एवढे पाळले की रान आपल्या पायांनी परत येते. जिथे वरची माती वाहून गेली आहे तिथेच तेवढी देशी, लवकर वाढणारी झाडे लावावयाची. म्हणजे या कामाचा गाभा वृक्षारोपण नव्हे, राखण आहे. आणि राखण एका दिवसाच्या शिबिराने होत नाही. एका घराने शेळी आत सोडली तर दहा घरांचा संयम वाया जातो. साऱ्या गावाचे एकमत व्हावे लागते, ते मोडले जाईल तेव्हा पुन्हा जुळवावे लागते, आणि ते वर्षानुवर्षे चालवावे लागते. याला सामूहिक शिस्त म्हणतात. समाजवादाच्या व्याख्यानांतून ती जितकी सोपी वाटते तितकी गावाच्या चावडीवर नसते.

याच सुमारास खाते काय करीत होते? यंत्रांनी जमीन उकरून परदेशी झाडांच्या एकसुरी लागवडी, त्यांना रासायनिक खते, रोपवाटिकांतून रोपांना गोळीखत. पैसा भरपूर लागे. आणि जिथे पैसा भरपूर लागतो तिथे तो कुणाच्या तरी हाती पडतो. लोकांच्या रोपवाटिकांना पिशव्या देण्यामागे खात्याची उदारता नव्हतीच असे म्हणणे अन्याय होईल. चांगले अधिकारी त्याही खात्यात होते. परंतु व्यवस्था अशी झाली की खेड्यातील श्रम एक दशांश किमतीत घ्यावयाचे आणि ते 'लोकसहभाग' या नावाने अहवालात छापावयाचे. रोप कुठले, ते कुठे लागेल, लागल्यावर त्याच्या पानाफुलांवर हक्क कुणाचा, यांपैकी एकाही गोष्टीत रोप वाढविणाऱ्याचे मत विचारलेले नव्हते. अप्पिकोच्या कार्यकर्त्यांनी हे ओळखले आणि निर्णय घेतला: रोपे वाढवावयाची ती आपल्या गरजेपुरती, खात्याला पुरवठा करण्यासाठी नव्हे. बारा लाखांचा विक्रम त्यांनी पुढे मिरविला नाही. ही त्या चळवळीतील फार मोठी राजकीय जाण होती, आणि दुर्दैवाने तिची गणना पर्यावरणवाद्यांच्या यशोगाथांत होत नाही.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो कार्यकर्त्यांनी स्पष्टपणे मांडावयास हवा. झाड सरकारचे असेल, तर ते लावणाऱ्याला आणि राखणाऱ्याला पूर्ण मजुरी मिळाली पाहिजे. त्यात दानाचा प्रश्न उद्भवत नाही. गावाने विनामोबदला श्रम करावयाचे असतील, तर झाड गावाचे असले पाहिजे. मालकी खात्याची आणि श्रमदान गावाचे, ही जुनी वेठबिगारच आहे. सेवादलाच्या शिबिरांतून विहिरी खणल्या, रस्ते बांधले, त्या वेळी श्रमदानाला जी प्रतिष्ठा मिळाली तिचा आधार हा होता की विहीर गावाची राहणार होती.

परंतु 'गाव' हा शब्द उच्चारताच पुढचा प्रश्न उभा राहतो. शिरसीच्या सुपारी बागायतदारांना बागेच्या प्रमाणात रानातील जमीन पाला तोडण्यासाठी मिळालेली आहे. तिला 'बेट्ट' म्हणतात. हा हक्क ब्रिटिश काळापासूनचा. ज्याची बाग मोठी त्याची बेट्ट मोठी; ज्याला बागच नाही त्याला बेट्टही नाही. या बेट्टांवर वर्षानुवर्षे अतोनात पाला तोडून कित्येक ठिकाणी झाडांचे नुसते खुंट उरले. तेव्हा रानाचा नाश केवळ ठेकेदाराने केला असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. अप्पिकोने हा प्रश्न झाकून ठेवला नाही. आपल्याच बेट्टांवर संयम पाळण्याची भाषा तिने केली. तरीही भूमिहीन मजूर, गवळी, सिद्दी यांच्यासाठी 'गावाचे रान' म्हणजे नेमके कुणाचे रान हा प्रश्न त्या जिल्ह्यात सुटलेला नाही. पडीक जमीन चराईला बंद केली की बागायतदाराची गाय गोठ्यात पेंढा खाते. ज्याच्याजवळ पेंढा नाही त्याची शेळी कुठे जावयाची? गावाच्या एकमताची गोष्ट सांगताना ते एकमत कुणाच्या ताटातून काय काढून घेऊन झाले, हे विचारणे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

या दृष्टीने चळवळीचे सर्वांत शहाणपणाचे काम कदाचित चुलींचे असेल. बळसु, म्हणजे वापरा, या तिसऱ्या शब्दाखाली तिने सरपण वाचविणाऱ्या सुमारे दोन हजार चुली घरोघर बांधून दिल्या. लाकूड चाळीस टक्क्यांच्या जवळपास कमी लागे असे चळवळीचे म्हणणे आहे. त्यासाठी सरकारी अनुदानाची वाट पाहिली नाही. शिरसी गावातील हॉटेलांतूनही त्या चुली बसविल्या गेल्या. डोक्यावरचा सरपणाचा भारा हलका झाला तो बाईचा. ज्या घरात बाग नाही, बेट्ट नाही, त्या घरातील बाईचाही. मिठी मारलेल्या झाडाचे छायाचित्र निघते, चुलीचे कुणी काढत नाही.

याच काळात शेजारच्या केरळात दुसऱ्या तऱ्हेचे स्वयंसेवक काम करीत होते, आणि पक्षात काम करणाऱ्यांनी त्यांची आठवण अवश्य ठेवावी. सायलेंट व्हॅलीच्या अरण्यात कुंतिपुळा नदीवर १२० मेगावॅटचे धरण व्हावयाचे होते. सुमारे ८३० हेक्टर रान बुडणार होते. १९६२ साली स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने त्याला विरोध केला. परिषदेतील माणसे बहुतांशी शिक्षक, प्राध्यापक, अभियंते. त्यांच्यापैकी पुष्कळांची मने डाव्या पक्षांकडे झुकलेली. आणि धरणाच्या बाजूने कोण होते? वीज मंडळ होते, राज्यातील बहुतेक सर्व पक्ष होते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षही होता. मलबारच्या मागास भागाला वीज आणि रोजगार हवा, हा युक्तिवाद काही पोकळ नव्हता. परिषदेच्या मंडळींनी त्याला निसर्गस्तोत्रांनी उत्तर दिले नाही. एक जीवशास्त्रज्ञ, काही अभियंते आणि एक अर्थशास्त्रज्ञ यांनी मिळून १९७९ साली त्या प्रकल्पाचे तांत्रिक, आर्थिक आणि सामाजिक मूल्यमापन लिहून छापले, आणि परिषदेचे कार्यकर्ते त्यातील मुद्दे घेऊन गावोगाव बोलत राहिले. स्वतःच्याच पक्षबांधवांचा रोष पत्करून ते बोलले. १९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. पक्षनिष्ठा म्हणजे काय याचे उत्तर ज्यांना पाठ आहे, त्यांनी हा इतिहास एकदा वाचावा.

नोव्हेंबर १९८७ मध्ये 'पश्चिम घाट बचाव' पदयात्रेची एक तुकडी आपल्या नवापुराहून निघाली, दुसरी कन्याकुमारीहून. दोन्ही गोव्यात एकत्र आल्या. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीत उद्योगांना सवलतीच्या दराने वनोपज देण्याची प्रथा बंद व्हावी असे शब्द आले, आणि दशक संपण्याच्या सुमारास कर्नाटकातील घाटांवरच्या नैसर्गिक रानात हिरव्या झाडांची तोड थांबली. ही चळवळीची मिळकत होय. ती कुणी हलकी मानू नये.

तथापि वीस पैशांचे गणित बदललेले नाही; त्यातील आकडे तेवढे वाढले. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ रोजी दोन कोटी वृक्षलागवडीचा गाजावाजा झाला. पुढील तीन वर्षांसाठी चार, तेरा आणि तेहतीस कोटी अशी उद्दिष्टे ठरली. शाळांतील मुले, महाविद्यालयांतील स्वयंसेवक, सरकारी नोकर, सारे फावडे घेऊन उभे राहिले. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण २०२१ मध्ये त्याच लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्याची वेळ आली. शिरसीच्या युवक मंडळांना जे एका हंगामात उमगले, ते कोटीकोटींच्या या हिशेबात कुठेच नव्हते: लावलेल्या रोपाला तीन उन्हाळे राखणारा कोण, त्याला मजुरी काय, आणि खड्डा खणला त्या जागी आधी काय उगवत होते. गवताळ माळ आणि चराऊ रान 'पडीक' ठरवून तिथे झाडे लावली, तर मेंढपाळाची वाट बंद होते आणि अरण्यही येत नाही. उद्या कुणी या शिबिरातील तरुणांना रोपे लावावयास बोलाविले तर त्यांनी जरूर जावे. परंतु फावडे उचलण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळाले नाही तर फावडे तसेच खाली ठेवण्याची तयारीही असावी.

या प्रश्नांना आता कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावसमाजाला आपल्या सामूहिक वनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन, जतन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. कळसेच्या रानात आणि गावोगावच्या सामाईक जमिनींवर लोकांनी जे केले, त्याचेच हे शब्द आहेत. फक्त तेव्हा तो खात्याच्या दृष्टीने अडथळा होता, आज तो हक्क आहे. मात्र आदिवासी म्हणून ज्यांची नोंद नाही, अशा वननिवासींना त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. उत्तर कन्नडात अशांचे दावे फार मोठ्या संख्येने फेटाळले गेले. पुरावा म्हणून त्यांच्याकडे १९३० सालचा कागद मागितला जातो. त्या सुमारास त्या तालुक्यांतील लोक सरकारला सारा न देता जमिनीची जप्ती ओढवून घेत होते, आणि रानात राहणाऱ्याचे नाव लिहून घेण्याची गरज सरकारला वाटत नव्हती.